एका खोक्यात सोळा मशीन

लेकीच्या हळदीला आप्पांनी बँजो वाजवावा, एवढ्यासाठी मी एक खोकं विकत घेतलं. त्यापायी माझ्या अंगणात चार फुटांचा खड्डा पडला, ग्रामपंचायतीची नोटीस आली, स्टॅम्पपेपरवर हमीपत्र द्यावं लागलं आणि गावानं मला 'सोळा मशीन' असं नाव ठेवलं. गावाचं नाव लिहीत नाही. माकणीपासून लांब नाही, एवढं पुरे. नाव लिहिलं की लोक कथा वाचायची सोडून त्यात आपण कुठं आहोत ते शोधतात. सापडले तर भांडायला येतात आणि नाही सापडले तर जास्त भांडतात.

आप्पा म्हणजे माझे वडील, शंकरप्पा. चाळीस वर्षं त्यांची बँजो पार्टी होती. बँजो म्हणजे मांडीपुढं आडवी ठेवायची तारांची पेटी. डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. त्यातनं निघालेली वायर मशीनला, मशीनची वायर कर्ण्याला. लोकांना वाटतं वाजतो तो बँजो. आप्पांचं म्हणणं वेगळं आहे. "बँजो बोलतो, पण गळा मशीनचा असतो." त्यांचं मशीन काचेच्या व्हॉल्व्हचं होतं. हैदराबादच्या एका मेकॅनिकनं अमेरिकेच्या पुस्तकातली आकृती बघून ते हातानं बांधलेलं. अकरा वर्षांपूर्वी एका वरातीत त्यातनं धूर निघाला आणि त्या दिवसापासून बँजो कपाटावर, गोधडीत. नवी मशीन चार आणून दाखवली. प्रत्येकाला एकच शेरा. "ह्याला गळा न्हाय. नुसता दणका हाय. बेडा." बेडा म्हणजे नको. आमच्या घरात मराठीत वाद घालता येतो, पण नकार कानडीतच मिळतो, आणि त्यावर अपील नसतं.

शिवरंजनीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, लग्न ठरल्याच्या संध्याकाळीच सांगून टाकलं. "अज्जा वाजवणार असतील तर हळदीत गाणं. न्हायतर गाणंच नको."

"माझ्या मशीनचा आवाज आण, वाजवतो," आप्पा म्हणाले. हे म्हणजे जळून गेलेल्या माणसाला हळदीला घेऊन ये म्हटल्यासारखं झालं. तेवढ्यात गावचे पुढारी आण्णासाहेब दारात हजर. त्यांचा डीजे आहे. तो ते भाड्यानं देत नाहीत, प्रेमानं देतात, आणि ते प्रेम निवडणुकीला परत मागतात. "सर, आपली लेक ती माझी लेक. चाळीस बॉक्स लावू!" म्हणाले. मी नको म्हणालो. मी शाळेत लिपिक आहे, तरी हे मला सर म्हणतात. खऱ्या सरांना काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तर खोकं. सोलापूरच्या दुकानात एका गृहस्थांनी दाखवलं. दिसायला पत्र्याच्या ट्रंकेएवढं, पुढं जाळी, वर बटणं. "सर, यात जगातली नामांकित सोळा जुनी मशीन आहेत," ते म्हणाले.

"कुठं आहेत?"

"आत."

मी मागून वाकून बघितलं. मागं वायर होती.

मग त्यांनी समजावलं. हे खोकं मुळात गिटारवाल्यांसाठी आहे. इंजिनिअर लोकांनी एकेक जुनं मशीन घेतलं, त्यातला एकेक भाग मोजला. व्हॉल्व्ह तापला की आवाज कसा फाटतो, जोरात वाजवलं की वीज क्षणभर कशी दमते, कुठलं बटण किती फिरवलं की काय होतं, सगळं गणितात उतरवलं आणि ते गणित एका चिपमध्ये बसवलं. एक गोल बटण एकपासून सोळापर्यंत फिरतं. ज्या आकड्यावर ठेवाल, खोकं ते मशीन बनतं, आणि बाकीची बटणंही त्या मशीनच्या बटणांसारखी वागायला लागतात. मला हे फार आवडलं. आमच्या शाळेतला एक माणूस अध्यक्षांसमोर वेगळा, मुख्याध्यापकांसमोर वेगळा आणि शिपायासमोर वेगळा वागतो, त्याला आम्ही हलकट म्हणतो. इथं त्याच गुणाला वॉरंटी होती.

घरी आणून लावलं. पहिल्या संध्याकाळी शेजारचे रामलिंगकाका आले. हे वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. तेहतीस वर्षं खांबावर काढल्यामुळं ते जमिनीवरच्या माणसांशी अजून वरूनच बोलतात. समोरचे बंडप्पा किराणावाले दुकान उघडं टाकून आले. आप्पा खांबाला टेकून बसले, सुपारी कातरत, तोंड दुसरीकडं. बँजोच्या तारा मी पुसल्या आणि मीच छेडल्या. मला वाजवता येत नाही. तो माझ्या आयुष्यातला जुना विषय आहे आणि आप्पा सभ्य माणूस असल्यामुळं तो काढत नाहीत, फक्त मी छेडलं की डोळे मिटतात.

एक नंबर. आप्पा म्हणाले, "एसटी स्टँडवरला."

दोन नंबर. "सर्कशीतला."

तीन नंबर. "दात पडल्यावानी बोलतंय. फुडं चल."

चार नंबरला काही तरी कमी वाटलं म्हणून मी 'मिडल' लिहिलेलं बटण फिरवलं. काहीच फरक नाही. पुन्हा फिरवलं. नाही. दुकानदाराला फोन लावला.

"बटण बिघडलंय."

"कितीवर आहे सर?"

"चारवर."

"मग बरोबर आहे. त्या मूळ मशीनला मिडलचं बटणच नव्हतं."

"मग खोक्यावर कशाला दिलंय?"

"दुसऱ्या मशीनना लागतं."

"मग इथंही चालू द्यायला काय झालं?"

"सर, मग ते ते मशीन राहणार नाही."

म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुण्या गोऱ्या माणसानं एक बटण बसवायचा कंटाळा केला, त्याची शिक्षा मी धाराशिव जिल्ह्यात भोगायची. आणि या शिक्षेचे मी पैसे दिलेत.

सात नंबरवर तर 'कट' नावाचं बटण निघालं. ते वाढवलं की आवाजातली धार कमी व्हायची आणि कमी केलं की वाढायची. रामलिंगकाकांचे डोळे चमकले. "वायर उलटी जोडली! स्क्रूड्रायव्हर आण!" मी खोक्यावर आडवा झालो. पुन्हा फोन. उत्तर तेच. मूळ मशीन तसंच उलटं होतं. बंडप्पा म्हणाले, "मूळ मशीन येडं होतं म्हणून ह्यानं बी येडं व्हायचं? मंग नवं कशाला काढलं?" या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही कंपनीकडं उत्तर असेल असं मला वाटत नाही.

आता पाच नंबरचं सांगतो. तो मी मुद्दाम मागं ठेवला होता असं नाही, बोट घसरून राहिला. अमेरिकेतलं जुनं मशीन. लावलं, एक तार छेडली आणि आप्पांचा अडकित्ता थांबला. "परत," ते म्हणाले. मी परत छेडली. "डोळं मिटतो, तू हात काढ," म्हणाले, आणि स्वतः पुढं सरकून एक तार त्यांनी बोटानं नुसती टिचकावली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. घरात कुणी श्वास घेतला नाही, बंडप्पा सोडून. त्यांना दमा आहे.

मग आप्पा मागं सरकले. "जवळ हाय. सोंग चांगलं घेतलंय. पण सोंग." आणि अडकित्ता पुन्हा चालू झाला. "मी हळदीला फुडं येऊन बसतो. वाजवीन असं सांगत न्हाय."

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण रामलिंगकाकांचा कान खोक्याला लागला होता. "घुमतंय," ते म्हणाले. खरंच पाच नंबरवर बारीक घूं असा आवाज होता. "अर्थिंग न्हाय तुमच्या घराला. ह्या घुमण्यात माणूस जातो." माणूस जातो म्हटल्यावर माझी बायको प्रतीक्षा आतून आली आणि विषय माझ्या हातातनं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात अर्थिंगचा खड्डा सुरू झाला. चार फूट खोल, त्यात कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी. बंडप्पांनी मीठ आणलं, जाडं, ओलं, कुणी घेत नव्हतं ते, आणि खड्ड्याच्या काठावर ओतून ठेवलं. तिसऱ्या फुटाला पहार पाण्याच्या पाइपात गेली.

गल्लीतल्या सत्तावीस घरांचं पाणी माझ्या अंगणात आलं. त्या दिवशी एरवी आठ दिवसांनी येणारं पाणी आलं होतं, हे विशेष. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन माझ्या खड्ड्यावर रांगेत उभ्या राहिल्या, आणि खड्ड्यात मीठ पडल्याचं त्यांना चूल पेटवल्यावर कळलं. त्या काय काय बोलल्या ते प्रतीक्षाला पाठ आहे, ती अधूनमधून म्हणून दाखवते. संध्याकाळपर्यंत ग्रामपंचायतीची नोटीस. 'सार्वजनिक जलवाहिनीस हेतुपुरस्सर इजा.' हेतुपुरस्सर! मी बावीस वर्षं नोटिसा टाइप करतोय, हा शब्द दुसऱ्याला लावताना किती गोड वाटतो ते मला माहीत आहे.

पाइप जोडला, खड्डा भरला, पट्टी जोडली, खोकं लावलं. घूं.

मग मी माहितीपुस्तक काढलं. इंग्रजी, मुंगीएवढं अक्षर. पान एकतीस. 'मूळ मशीनची गुणगुण आम्ही अतिशय काळजीपूर्वक, जशीच्या तशी उतरवली आहे. नको असल्यास अमुक बटण दोन सेकंद दाबावे.' दाबलं. गुणगुण गेली. मी ते पान रामलिंगकाकांना वाचून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "अर्थिंग तर झाली ना? घराला व्हतीच पायजे." हा माणूस तेहतीस वर्षं विजेच्या धक्क्यातनं का वाचला ते मला त्या दिवशी समजलं. त्याला काही लागतच नाही.

हळदीला आठ दिवस राहिले आणि परवान्याची पाळी आली. पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाचा अर्ज भरावा लागतो. छापील अर्जावर जिल्ह्याचं नाव जुनं होतं. ते खोडून धाराशिव लिहिलं, तर खाडाखोडीवर सही हवी. सही केली, तर खाली आणखी एक रकाना. 'ध्वनिवर्धकांची संख्या.'

आता मला एक आजार आहे. बावीस वर्षं लिपिक असल्यामुळं रकाना रिकामा सोडता येत नाही आणि खोटा भरता येत नाही. दुसरा कुणीही 'एक' लिहून चहा प्यायला गेला असता. मी विचार केला, पावतीची प्रत जोडायची आहे, पावतीवर सोळा मशीन लिहिलंय, उद्या कुणी विचारलं तर? मी लिहिलं, 'एक (आत सोळा).'

टेबलामागचे हवालदार वाचत वाचत तिथं आले आणि थांबले. "सोळा?"

"आत आहेत."

"कुणाच्या आत?"

"खोक्याच्या. पण एका वेळी एकच वाजतं."

"मग बाकीची पंधरा काय करतात?"

"काही नाही. ती तशी नसतातच. गणित आहे."

"नसतात तर लिहिली कशाला? अन् असतात तर ठेवली कुठं?"

एवढा खोल प्रश्न मला आमच्या मठातल्या प्रवचनातही कुणी विचारला नव्हता. मी उत्तर जुळवत होतो, इतक्यात खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. बाहेरून आण्णासाहेबांचा डीजे चालला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चाळीस बॉक्स, कुणाच्या तरी वाढदिवसाला. टेबलावरचा पेपरवेट सरकत सरकत कडेला आला. हवालदारांनी तो एका हातानं धरला, दुसरा कानावर ठेवला आणि डीजे वळणापलीकडं जाईपर्यंत शांतपणे थांबले. मग हात काढला. "हां. सोळा म्हणत होता."

"त्याला परवाना आहे का?" मी विचारलं.

"सर, तुमचं बोला."

तुमचं बोला. या दोन शब्दांवर हा जिल्हाच काय, देश चाललाय. ज्याच्याजवळ चाळीस बॉक्स आहेत त्याला कुणी रकाना दाखवत नाही. ज्याच्याजवळ ट्रंकेएवढं खोकं आहे आणि ते तो खरं खरं लिहून देतो, त्याला हमीपत्र. तेही दिलं. स्टॅम्पपेपरवर. 'सदर खोक्यातील क्रमांक पाच वगळता उर्वरित पंधरा ध्वनिवर्धक मी कार्यक्रमाच्या कालावधीत बंद ठेवीन व त्यांच्याकडून काही गैरप्रकार घडल्यास सर्वस्वी जबाबदार राहीन.' टाइप मीच केलं. चूक एकही नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी अकराला मांडवात पाटावर शिवरंजनी बसली. समोर खोकं, खोक्यापुढं सतरंजी, सतरंजीवर गोधडीतनं काढलेला बँजो, आणि आप्पा. इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी. वाजवीन असं अजूनही म्हणाले नव्हते. पण नखं कापली होती. मी कुणाला बोललो नाही.

साडेअकराला हवालदार आले. बरोबर चिकटपट्टी आणि शिक्का. त्यांनी सोळा आकड्यांचं गोल बटण पाचवर आहे याची खात्री करून घेतली, वर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर ठाण्याचा शिक्का मारला. पाहुण्यांनी हे सगळं बघितलं. वरपक्षाकडच्या एका मामांनी मला हळूच विचारलं, "जप्ती हाय का?"

मी त्यांना समजावत असताना लाइट गेली. आमच्याकडं ती जाते. तिचं कुणी मनावर घेत नाही, रामलिंगकाका सोडून. ते उठले आणि खोक्याजवळ गेले. लाइनमनचा नियम असा की लाइन गेली की आधी सगळा लोड काढायचा, म्हणजे ती परत येताना झटका बसत नाही. त्यांनी शिक्क्याचं सोडून एकूण एक बटण शून्यावर नेलं. दहा मिनिटांनी लाइट आली, तेव्हा आवाजाचं तेवढं एक बटण सहावर ठेवलं. बाकीची त्यांच्या मते पावडर-कुंकू होती. यातलं मला तेव्हा काहीही माहीत नव्हतं. मी मामांना गणित सांगत होतो.

मग शिवरंजनीनं आजोबांकडं बघितलं. हळदीनं पिवळ्या झालेल्या हातांनी नुसतं, "अज्जा..." एवढंच म्हणाली. आप्पांनी टोपी सारखी केली, बँजो पुढं ओढला आणि उजवा हात तारांवरून फिरवला.

काहीच नाही.

म्हणजे तारांचा किणकिणाट झाला, शेजारच्या घरात चमचा पडावा तेवढा. खोकं गप्प. लाल दिवा चालू, आवाज सहावर, खोकं गप्प. आप्पांनी परत हात फिरवला. गप्प. मांडवातली कुजबुज थांबली आणि तिच्या जागी सल्ले आले.

"वायर हालवा!"

"थापटा जरा वरनं!"

"दृष्ट लागली, मिरच्या उतरा!"

"अर्थिंग तर पक्की हाय," रामलिंगकाका म्हणाले, "मंग मशीनच गेलं."

मी वायर काढली, फुंकली, लावली. गुडघ्यांवर बसून जाळीला कान लावला. वरपक्ष माझ्याकडं बघत होता आणि माझी पाठ त्यांच्याकडं होती, तीच काय ती माझी अब्रू. तेवढ्यात आण्णासाहेबांचा माणूस फोन हातात घेऊन वाकला. "साहेब विचारत्यात, धाडू का डीजे? दहा मिन्टांत येतो."

मी आप्पांकडं बघितलं. ते बँजोकडं बघत होते आणि त्यांचा हात गोधडीकडं चालला होता. अकरा वर्षांपूर्वी तोच हात असाच गेला होता. त्या वेळी मी थांबवला नव्हता. आताही माझ्याजवळ थांबवायला काही नव्हतं. मी फोनवाल्याला म्हणालो, "सांग त्यांना..."

"बाबा, नको," शिवरंजनी म्हणाली.

"साकू," आप्पा म्हणाले. म्हणजे पुरे. मला वाटलं, झालं, संपलं. पण ते गोधडी बाजूला सारून खोक्यापर्यंत सरकत आले आणि पहिल्यांदाच त्यांनी ते नीट बघितलं. चष्मा कपाळावर चढवून एकेका बटणावर बोट ठेवत गेले. मग पोट हलायला लागलं. आप्पा हसत होते.

"समदी शून्यावर कुणी नेली रं?"

रामलिंगकाका म्हणाले, "नियम हाय."

"ट्रेबल बी शून्य, बेस बी शून्य. मंग आवाज जाईल कुठनं? दोन्ही दारं लावली त्याची." ते माझ्याकडं वळले. "रुद्र्या, माझं मशीन बी असंच व्हतं! ही दोन्ही शून्यावर गेली की मुकं. नळदुर्गाला एका लग्नात पाऊण तास मुकं बसलं व्हतं, नवरदेव घोड्यावर वाळत बसलेला. ही खोड दुसऱ्या कुठल्या मशीनला म्या बघितली न्हाय." त्यांनी जाळीवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. "सोंग घेणारा गुण उचलतो. ह्यानं खोड उचलली. ह्यो आपलाच हाय."

मूळ पुस्तक एकच, आकृती एकच. ती हैदराबादच्या मेकॅनिकनं हातानं उतरवली आणि खोकं बनवणाऱ्यांनी गणितानं. हे मी सगळ्यांना समजावून सांगणार होतो. पण कुणाला ऐकायचं नव्हतं, कारण आप्पांनी ट्रेबल पाचवर, बेस चारवर नेला आणि जागेवर जाऊन बसले.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. हवालदार. "सर, बाहेर या. पंचनामा."

"आता?"

"आवाज निघायच्या आधी सुरू करायचा असतो. एकाच मशीनमधनं निघाला हे लिहायला लागंल."

म्हणून आप्पांनी अकरा वर्षांनी पहिला सूर लावला तेव्हा मी मांडवाबाहेर, त्यांच्या मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून उभा होतो. मला दिसलं काहीच नाही. ऐकू आलं. आधी आत बायकांचा आवाज, मग शिवरंजनीचं हसणं, आणि या सगळ्याच्या वरून तो गळा. तो कसा होता ते मला लिहिता येणार नाही. लहानपणी रात्ररात्र वाट बघून झोपायचो आणि सकाळी आप्पांच्या हाताला मशीनच्या गरम पत्र्याचा वास असायचा. तो वास आला, एवढंच सांगतो.

"वादकाचं नाव?" हवालदारांनी विचारलं.

मी पूर्ण नाव लिहिलं.

"व्यवसाय?"

रेशनकार्डावर, आधारच्या अर्जावर, दवाखान्याच्या केसपेपरवर, अकरा वर्षं त्यांचा हा रकाना मीच भरत आलोय. 'काही नाही' असं लिहितो. पेन चालेना. झटकलं, कोपऱ्यात गिरवून बघितलं. मग लिहिलं, 'बँजोवादक.'

हवालदारांनी आत कान दिला. मग म्हणाले, "पक्कं ना सर? मागनं खाडाखोड चालायची न्हाय."

"पक्कं," मी म्हणालो, आणि सही केली.